पंखाच्या दोन तारा

प्रिय ठमे,

प्लॅस्टर निघालं. आतला वाळका पाय बघून तुझ्या आईने तोंड वाकडं केलं आणि मग त्याच पायाला मलम चोळत बसली. डॉक्टर म्हणतात, लवकरच खुशाल विमान उडवा. आई म्हणते, आधी जिना उतरून दाखवा.

तुझा फोन येतो ते मला कळतं गं. मी खोलीत आलो की आईचा आवाज बारीक होतो आणि तू घाईघाईने फोन ठेवतेस. कपड्यांच्या दुकानात नोकरी धरलीस म्हणे. काम वाईट नाही. पण बाहुली सोडून माझा पाना उशाशी घेऊन झोपणारी मुलगी दिवसभर शर्टांच्या घड्या घालते, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

त्या दिवसाबद्दल कुणीतरी बोलायलाच हवं. पंखांच्या झडपा हलवणाऱ्या तारा तू बदलल्यास आणि त्या एकमेकींच्या जागी जोडल्या गेल्या. आत बसून विमान कलवायचा दांडा फिरवून पाहिलास, झडपा हलल्या. पण कुठली वर गेली नि कुठली खाली, ते सांगायला पंखाशी दुसरं कुणी नव्हतं. चाकं जमिनीवरून सुटली, मी दांडा डावीकडे नेला आणि विमान उजवीकडे कललं. फार उंच गेलो नव्हतो, म्हणून पायावर निभावलं. चौकशीवाल्यांनी तुझी चूक दाखवली, उडण्याआधी बघितलं नाही म्हणून माझीही. झालं ते झालं.

आपल्या हँगरची रीत अशी, की दुरुस्ती करणाऱ्याने पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. तू पट्टा बांधणार तेवढ्यात आई फाटकाशी डबा घेऊन आली, तू आणायला धावलीस आणि मला दम धरवला नाही, एकटाच उडालो. विमानाची उजवी बाजू पार चेपली. तुझी रिकामी खुर्ची त्याच बाजूला होती. तुला वाटतं मी रागावलोय. रागावलोय खरा, पण तू दवाखान्याच्या दारातूनच परत गेलीस म्हणून.

विमान आता उभं राहिलंय. हँगरच्या जुन्या मेकॅनिक उस्तादांनी पंख बदलला, नवं दार बसवलं. तेवढ्या तारा मी सोडून ठेवायला लावल्यात. नवा मेकॅनिक दोनदा हात घालायला आला, दोनदा हाकलला. त्या तूच जोडायच्यास. तू आत बसून दांडा हलव, मी काठी टेकून पंखाशी उभा राहतो आणि कुठली झडप वर गेली ते ओरडून सांगतो. मग उडू. तू शेजारी बसल्याशिवाय मी इंजिन चालू करणार नाही.

हट्टाला पेटलेला,
तुझाच बाबा