फक्त भोकं बुजवायची

३ नोव्हेंबर
सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, नवं भोक सापडलंय. नेटवरून कुणीही मशीनचा ताबा घेईल असं. नव्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. जगभर अजून वापरात असलेल्या जुन्या आवृत्तीचं मी बघायचं. कामातल्या जोडीदारानं उन्हाळ्यात हात टेकले, तेव्हापासून एकटाच. नियम एकच: नवं काही घालायचं नाही, फक्त भोकं बुजवायची.

५ नोव्हेंबर
नव्या आवृत्तीतल्या दुरुस्तीचे दोन तुकडे. पहिला नुसती साफसफाई वाटला. नियमात बसेना, वगळला. दुसरा बसवला, तपासला, अपडेट म्हणून सोडला. बायकोला म्हटलं, सुटलो. "उद्या बसतायच की परत," म्हणाली.

७ नोव्हेंबर
सकाळीच मेहुण्याचा, बाळूचा फोन. कागलजवळ त्याचं दूध संकलन केंद्र. माझ्याच सांगण्यावरून ही सिस्टिम घेतलेली.
"दाजी, अपडेट घातलं आन् फॅटचं आकडंच येईनात कंप्युटरवर. बायका किटल्या घिऊन हुभ्या हायत्या. तुमच्या वाटणीच्या शिव्या मी खातोय!"
हसू आलं नाही.

८ नोव्हेंबर
सापडलं. फॅट मोजायची जुनी यंत्रं कंप्युटरला लांबलचक संदेश पाठवतात. वगळलेला तुकडा ते नीट तोडून घेत होता. आता माझी दुरुस्ती ते सरळ फेकून देते. साफसफाई नव्हतीच ती.
मागे घ्यावं तर भोक उघडं. ठेवावं तर यंत्रं मुकी. जगभरातून पत्रं, सगळ्यांचा प्रश्न एकच: यंत्रं परत कधी बोलणार?
"सोडा की आता. दुसरं कोण न्हाय व्हय बघाय?" बायको.
नाही. तेच तर.

१० नोव्हेंबर
दोन्ही तुकडे घालून नवी दुरुस्ती सोडली. बाळूला फोन.
"आता कशाला? परवाच अपडेट काढून जुनं घातलं की. झ्याक चाललंय. आजूबाजूच्या केंद्रांस्नीबी तसंच करून दिलं."
"अरे, ते उघडं आहे. कुणीही आत शिरेल."
"दुधात कोण शिरतंय दाजी? मांजर?" मग म्हणाला, "परत बंद पडणार न्हाय, सांगा छातीवर हात ठिऊन."
उद्या स्वतः येऊन बसवतो, म्हटलं.

११ नोव्हेंबर
कागलला निघतोय. पेन ड्राइव्ह खिशात. बायकोही येतेय, तिचं तो ऐकतो. संध्याकाळचं दूध यायच्या आत पोचायला हवं.
निघताना बाळूला फोनवर विचारलं, कुणाकुणाला जुनं घालून दिलंस.
"आठवाय पायजे," म्हणाला.