हंसाबाई दारव्ह्याला भाषण करायला गेली आहे

नेमसिंग,

हंसाबाईला शोधू नको. ती दारव्ह्याला भाषण करायला निघाली आहे. हो, तुझीच बायको. मी शुद्धीत आहे. भाकर तुझी तूच थाप.

सकाळी तांड्यात विहिरीसाठी साहेब आले. मी, बी.ए., बोलायला उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटेना. तेवढ्यात, अकरा वर्षं या जेठासमोर, म्हणजे तुझ्या या थोरल्या भावासमोर, ब्र न काढलेली हंसाबाई घुंगटातून म्हणाली, "साहेब, हंडा घेऊन एक चक्कर माह्यासंगं चाला!"

साहेब गेले. धापा टाकत परतले आणि म्हणाले, "बाई, दुपारी दारव्ह्याला कमिटीपुढे हेच सांगा."

मी विचारलं, "तुले भेव नाही वाटलं?"

"पदराआड कोनी दिसतच नाही, दादा. कोनाले भ्यावं?"

कमिटीपुढे मलाही बोलायचं आहे. आईची जुनी ओढणी पिशवीत घेतली आहे.

भावसिंग