वरून दुसरं बटण

९ एप्रिल, बुधवार

निळ्या शर्टाला काळ्या दोऱ्याची काजं! सहाच्या सहा! चौतीस वर्षांच्या संसारात हिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी तोंडाचा पट्टा सोडला — गिऱ्हाईक काय म्हणेल, दुकानाची काय अब्रू राहील. ही शर्ट घेऊन खिडकीशी गेली आणि काजं उसवायला बसली. कापड अगदी नाकाशी धरून.

नाकाशी कशाला?

मग सुयांच्या उशीकडे लक्ष गेलं. दहा सुया दोरा ओवून तयार. कुणी ओवल्या म्हणून विचारलं. म्हणे, "शेजारच्या घड्याळवाल्यांची बायको येते ना सकाळी, तिला हौस आहे." दुसऱ्याच्या सुया ओवायची हौस! मी मूर्ख आहे, पण इतका नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. उजवा तर पार पिकलाय. ऑपरेशनला बारा मेची तारीख मिळाली. डॉक्टरीणबाई मलाच रागावल्या — "वर्षभर यांना दिसत नाहीये आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" घरात कुणाच्या म्हणजे माझ्याच. दुसरं आहे कोण.

येताना विचारलं, "अगं, बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "निवडणुकीच्या झेंड्यांचं काम अंगावर होतं. मी बसले असते तर तुम्ही एकट्याने शिवले असते का?"

हे लिहितोय ते मापाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर. ही पूर्वी चोरून वाचायची, मला ठाऊक होतं. मुद्दाम तिच्याबद्दल काहीबाही लिहून ठेवायचो. आता वही समोर उघडी पडली तरी तिला वाचता येणार नाही. त्याचंच फार वाईट वाटलं आज.

१३ एप्रिल, रविवार

शेवटचे झेंडे गेले. पिवळे तीनशे, जांभळे तीनशे. पिवळ्यांचं कापड कडेने उसवतं, जांभळ्यांचा रंग हाताला लागतो. दोन्ही पक्षांनी बाजारातला गाळच दिलाय!

मी पिवळा, ही जांभळी. लग्न झाल्यापासून. दोघं एकत्र मत द्यायला जातो, एकमेकांचं मत फुकट घालवून एकत्र परत येतो. हिचे जांभळे इथून एकदाही निवडून आले नाहीत, पण बाई ढळत नाही. महिनाभर मी दुकानात येईल त्याला ऐकवतोय — "वरून दुसरं बटण, विसरू नका." माप घेतानासुद्धा. ही आतून ओरडते, "पार खालचं, नोटाच्या वरचं, नववं!" गिऱ्हाईक मध्ये सापडलेलं.

बटणांचा मोठा डबा आज रिकामा करून पुसला. दर निवडणुकीत तो चिठ्ठ्यांसाठी लागतो. मत देऊन आलेल्या माणसाने बोटाची शाई दाखवायची, कोण येणार याचा आपला अंदाज लिहून डब्यात टाकायचा. निकालाच्या दिवशी हेडबाई — गल्लीतल्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका — सगळ्यांदेखत वाचतात. ज्याचं बरोबर त्याला माझ्याकडून एक कपडा शिवून. अनेकजण बरोबर आले तर त्यांतली एक चिठ्ठी उचलायची. सात निवडणुका झाल्या, सातही वेळा हिची चिठ्ठी चुकली. माझ्याच हातचा एक ब्लाउज जिंकता आला नाही बिचारीला!

१५ एप्रिल, मंगळवार

काज करता करता ही म्हणाली, "उद्या मला बटणं दिसायची नाहीत. तुम्हीच आत या माझ्याबरोबर."

दिसत नाही अशा माणसाला आत सोबतीला कुणी नेता येतं. मी म्हटलं, घड्याळवाल्यांच्या बायकोला ने. ती तुझ्याच रंगाची आहे. मी पिवळा माणूस, माझ्यावर कसला विश्वास?

"माझे डोळे म्हणजे आता तुम्हीच ना," म्हणाली. सहज. दोरा तोडता तोडता.

मी उगाच कात्रीला धार करत बसलो.

१६ एप्रिल, बुधवार

काय करून बसलो मी हे!

नीट क्रमाने लिहितो. सकाळी सातलाच रांगेत. शाळेचा तोच वर्ग, तीच छोटी बाकं, फळ्यावर कुणा पोराने काढलेलं जहाज. हिने माझा दंड धरलेला. पुढे बसकंडक्टर बाई होत्या, ड्यूटीवर जायच्या आधी आलेल्या. म्हणाल्या, "मास्तर, माझ्या बसमध्ये विचाराल तर जांभळे येतात. पण ते उभे असलेले. बसलेले सगळे पिवळे!" घड्याळवाले मागून म्हणाले, "म्हणजे जागा मिळाली की रंग बदलतो." रांगभर हशा. कुणी म्हणालं दोन हजारांनी, कुणी म्हणालं वीस हजारांनी. ही हसत होती. गर्दीत कुणाचा आवाज कुठून येतो ते मान वळवून शोधत होती.

आत गेलो. एका कागदावर माझी सही घेतली — मतदार सांगेल तेच बटण दाबीन, कुणाला सांगणार नाही. सोबत आलेल्याच्या उजव्या बोटालाही शाई लावतात, तशी लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोघं उभे. हिने कानाशी तोंड आणलं. "पार खालचं. नववं."

आणि मी वरून दुसरं दाबलं.

देवाशप्पथ, मुद्दाम नाही! महिनाभर जी टकळी चालवली तीच हाताला लागली होती. तिचं बोलणं कानात शिरत होतं आणि बोट आपलं वर गेलेलं. लाल दिवा लागला, मशीन लांबलचक ओरडलं, संपलं. ते परत घेता येत नाही. कपडा असता तर उसवला असता.

ही म्हणाली, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

तिला बाहेर बाकावर बसवलं आणि माझ्या मताला परत आत आलो. डाव्या बोटाला शाई. उभा राहिलो. मग खाली खाली मोजत गेलो आणि नववं बटण दाबलं. जांभळं. तिचं मी घेतलं, माझं तिला दिलं. बेरीज तीच झाली. पण मग हिशेब जुळल्यासारखा का वाटत नाही?

दुकानात आल्यावर हिने स्वतःच चिठ्ठी लिहायला घेतली. मी लिहितो म्हटलं तर "नको" म्हणाली. कागदावर पार ओणवी होऊन, हाताचा आडोसा करून, पाच मिनिटं लागली. घडी घालून डब्यात टाकली. घड्याळवाले म्हणाले, "वहिनी, तुमची न उघडता सांगू का काय ते?" ही नुसती हसली.

१७ एप्रिल, गुरुवार

दोन्ही हातांच्या बोटांना शाई असलेला गल्लीत मी एकटाच. येणारा-जाणारा विचारतो. घड्याळवाले तर भर दुकानात — "मास्तर, खरं सांगा, वहिनींचं मत कुठं टाकलंत?" सगळे हसले. मी खडूने नुसत्या रेघा ओढत राहिलो.

ही आतून म्हणाली, "मी विचारलेलंही नाही त्यांना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० एप्रिल, रविवार

सांगणार होतो आज. केस विंचरून देत होतो तिचे — हल्ली भांग वाकडा येतो तिचा. तिने मध्येच विचारलं, "सरळ आलाय ना?" म्हटलं, "आलाय." तो खरंच सरळ होता. तरी बोलताना खोटं बोलल्यासारखं वाटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

नाही सांगितलं.

२८ एप्रिल, सोमवार

डाव्या बोटाची शाई फिकी झाली. उजव्याची हटत नाही. नखाच्या मुळाशी रुतून बसलीय. कापड मशीनखाली सरकवताना तेच बोट पुढे! शेवटी त्याला चिंधी गुंडाळली. हिने हात चाचपून विचारलं, "लागलं का हो?" सुई टोचली म्हणालो. तिने फुंकर घातली त्या बोटावर. त्याच बोटावर!

आज लेकीचा फोन आला होता. मी तिला सांगून मोकळा झालो. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, एका मताने काय होतंय? आणि तुम्ही फेडलंतही. विसरून जा." मी म्हटलं, मताचं काय घेऊन बसलीस. तुझ्या आईला गोळीची बाटली मी वाचून देतो. पत्र मी वाचतो, रस्ता मी ओलांडून देतो. हिरवी साडी कुठली ते मी सांगतो आणि ती नेसते. तिला एकदा जरी कळलं की मी "झालं" म्हणालो आणि ते झालं नव्हतं, तर पुढे प्रत्येक वेळी ती मनात म्हणेल ना — खरंच हिरवी आहे का?

लेकीचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "म्हणजे सांगायलाच हवं."

तेच तर!

३ मे, शनिवार

हिला ऑपरेशनची भीती वाटते. आज पहिल्यांदा बोलली. "डोळ्यावर पट्टी बांधली की पार अंधार. तुम्ही बाहेर जाऊ नका, माझ्याशी बोलत राहा. काय काय चाललंय ते सांगा." सांगीन म्हटलं. सगळं? म्हणाली. सगळं, म्हणालो. जीभ कशी रेटली कोण जाणे.

७ मे, बुधवार. सकाळ

आज निकाल. सांगितलं!

शटर अजून उघडलं नव्हतं. ही काजांना बसली होती, हल्ली पांढरा दोरा पांढऱ्या कापडावर एवढंच काम देतो तिला, बोटांनीच करते. मी समोर स्टूल ओढलं. म्हटलं, "हात थांबव जरा." सांगताना सगळं उलटंसुलटं झालं. आधी शाई, मग चिंधी, मग सही केलेला कागद. शेवटी एकदाचं आलं तोंडातून — "तू नववं म्हणालीस. मी दुसरं दाबलं. चुकून दाबलं, पण झालं म्हणालो ते चुकून नव्हतं. ते घाबरून होतं."

वाटलं होतं रागावेल. रडेल. ती नुसतं "बरं" म्हणाली. सुई कापडात टोचून ठेवली. जशी काही मी चहात साखर कमी आहे सांगितली!

मला ते "बरं" जास्तच लागलं. म्हणून पुढचंही सांगून टाकलं — की मग माझं मत मी तिच्या जांभळ्यांना दिलं.

आता मात्र दचकली. "काय?"

"नववं दाबलं. माझं."

"तुम्ही? जांभळ्यांना?"

"हो गं."

चष्मा काढला तिने. पदराने डोळे पुसले, परत चष्मा लावला, परत काढला. म्हणाली, "अहो, तुम्ही तर त्यांच्या झेंड्याला हात लावला की तो साबणाने धुवायचात." मग माझ्या बोटाची चिंधी सोडायला लागली. गाठ तिला दिसत नव्हती, चाचपून चाचपून सोडली. मी मदत केली नाही. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फक्त एक कळलं नाही. पहिलं ऐकून ती दचकली कशी नाही?

७ मे. संध्याकाळ

पिवळे आले. थोडक्यात आले, पण आले.

डबा हेडबाईंनी उघडला. सगळी गल्ली दुकानात. एकेक चिठ्ठी वाचून झाली, हिची तळाशी सापडली. घड्याळवाले ओरडले, "जांभळे!" हेडबाईंनी उलगडली आणि थबकल्या. मोठी वेडीवाकडी अक्षरं, ओळ खाली घसरत गेलेली. त्यांनी वाचलं —

"निकालाच्या आधी हे मला खरं काय ते सांगतील."

कुणालाच काही कळेना. मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्या कानाशी आली, त्या दिवशी आली होती तशी. "लाल दिवा वर लागला होता," म्हणाली. "एवढं दिसतं मला अजून."

तीन आठवडे! सगळं माहीत असून माझ्या बोटावर फुंकर घालत होती!

हेडबाई चष्म्यावरून बघत विचारत होत्या, "मास्तर, हे चूक धरायचं की बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर. उद्या सकाळी हिचं माप घ्यायचं आहे.