राखाडी साहित्य आणि पिठलं-भात

रत्नागिरी,
रविवार

आनंदीआत्या,

तुला वाकून नमस्कार. (आशीर्वाद बसल्या जागेवरून दिलास तरी चालेल, गुडघ्याला त्रास नको.) दापोलीला थंडी कशी आहे? तुझ्या कलमांना मोहोर बरा धरलाय असं ऐकलं. तू पाठवलेलं कुळथाचं पीठ संपलं. हे मागणं नव्हे, नुसती बातमी. दादा ठीक आहेत. रोज सकाळी पोस्टापर्यंत चालत जातात, टाकायला पत्र नसलं तरी. मीही ठीक आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या कानावर वेगळं काही आलं असण्याची शक्यता आहे.

झालं असं, की मला पुरस्कार मिळाला. पुण्यात एक मंडळ आहे. ते दरवर्षी राखाडी साहित्यावर संशोधन करणाऱ्या एकाला गौरवतं. जे छापलं जातं पण दुकानात विकायला येत नाही, ते राखाडी साहित्य: अहवाल, पत्रकं, कोणी न वाचलेले प्रबंध, आणि आपल्याकडच्या गावोगावच्या मुंबईकर मंडळांच्या स्मरणिका. वाचनालयातली नोकरी सांभाळून मी इतकी वर्षं ह्या स्मरणिका जमवत्ये आणि त्यांच्यावर लिहित्ये, हे तुला ठाऊक आहेच. लोक विचारतात, ह्या कशाला हव्यात? मी सांगते, हे असलं नंतर मिळत नाही. (हर्णेच्या एका मच्छीमार सोसायटीच्या अहवालात पापलेट का घटलं ह्याची कारणं दिली आहेत. वारा, डिझेल, आणि तिसरं कारण अध्यक्षांचा मेहुणा. असं कुठल्या पुस्तकात सापडणार?)

दादांना मात्र हे नावच मान्य नाही. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. "साहित्य म्हणजे पांढऱ्यावर काळं," ते म्हणाले. "दोन्ही कालवून राखाडी करायला ती काय खिचडी आहे? आणि तुझं पुस्तक कधी येणार?" हा शेवटचा प्रश्न ते मला कॉलेजात असल्यापासून विचारतात. तेव्हा समारंभाला येणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मी आग्रह केला नाही. (पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला, एवढंच.)

पुरस्कार ज्याला मिळेल त्याच्या गावी जाऊन द्यायचा, अशी मंडळाची पद्धत. बॅनरचं काम माझ्यावर आलं. नाक्यावरच्या विनोदला फोनवर मजकूर सांगितला, फोटो पाठवला. त्याने फक्त "राखाडी म्हणजे राखेचंच ना, मॅडम?" असं विचारलं. रंग विचारतोय असं वाटून मी हो म्हटलं. आता त्याच्या दुकानासमोरच 'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल' अशी पाटी आहे. रोज ती पाटी बघणाऱ्या माणसाने राख आणि साहित्य हे दोन शब्द एकत्र ऐकून जे केलं, त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मजकुरातलं एक अक्षर चुकलं नव्हतं. फक्त पार्श्वभूमी करडी होती, खाली समई तेवत होती, आणि मधोमध माझा काळापांढरा फोटो हार घालून. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी तो नाक्यावर लागला. मजकूर कोणी वाचला नाही. फोटो सगळ्यांनी बघितला.

पहिल्या आल्या शेजारच्या विमलाकाकू, डोळ्याला पदर आणि हातात पिठलं-भाताचा डबा. दार मीच उघडलं.

"अगो बाय! तू दार उघडत्येस?"

"दादा आंघोळीला गेलेत, काकू."

काकूंनी डोळ्याचा पदर खाली घेतला. मग डबा पुढे करून म्हणाल्या, "असू दे गो. केलाय तर खा आता. परत नेऊ नये म्हणतात." थोड्या खट्टू झालेल्या वाटल्या. पिठलं छान होतं. दादांनी दोनदा घेतलं आणि कशाबद्दल आलं हे विचारलं नाही.

दुपारी मी तुझी ती अंजिरी साडी नेसून सभागृहात गेले. अध्यक्ष पुण्याहून मोटारीने यायचे होते. ते नाक्यावर आले, बॅनर बघितला, ड्रायव्हरला टोपी काढायला लावली आणि सभागृहाऐवजी घर विचारत आपल्या पडवीत पोचले. दादा झोपाळ्यावर होते. पुढचं संभाषण दादांनीच मला सांगितलं, त्यांच्या दृष्टीने त्यात वावगं काहीच नव्हतं.

"ऋजुताबाई...?" अध्यक्षांनी चाचरत विचारलं.

"गेली," दादा म्हणाले.

"अरेरे! केव्हा?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असेल."

"काही त्रास?"

"त्रास कसला? चांगली नटून गेली. मला म्हणत होती, तुम्हीपण चला."

अध्यक्षांना गहिवरून आलं. "आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, तू हो पुढे. माझं अजून ठरत नाहीये."

 अध्यक्षांनी शाल दादांच्या खांद्यावर घातली, नारळ आणि मानचिन्ह हातात दिलं, हात जोडले आणि परतीची वाट धरली. दादा म्हणतात, माणूस सभ्य होता, फक्त जरा हळवा.

इकडे सभागृहात पाहुण्यांची वाट बघून लोक कंटाळले. नाक्यावरून आलेले बरेच जण पांढऱ्या कपड्यांतच होते. वाचनालयाचे शिपाई भागोजी ह्यांनी काहीतरी करायला हवं म्हणून दोन मिनिटं स्तब्धता जाहीर केली. सगळे उठले. मीही उभी राहिले, एकटीने बसून राहणं बरं दिसलं नसतं. खरं सांगायचं तर फार शांत वाटलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मी मात्र पहिल्या रांगेतल्या त्या रुमालाकडे बघत होते.

एकंदरीत मजा आली. पुरस्कार वगैरे माझ्या दृष्टीने गौण आहे, तुला माहीतच आहे. विषय संपला.

तुझी,
ऋजुता

ता. क. : मंडळाचं दिलगिरीचं पत्र आलं आहे. पुरस्कारार्थी हयात आढळल्यामुळे समारंभ पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा करणार आहेत.

ता. क. २ : तू आदल्या दिवशीच्या एस.टी.ने येशील का? दादा तुझं ऐकतात. त्यांना फक्त त्या मधल्या खुर्चीपर्यंत आणून बसव. भाषण ऐकलं नाही तरी चालेल.

ता. क. ३ : डिंक दादांच्या टेबलावर असतो, म्हणून पाकीट चिकटवायला त्यांच्याकडे देत्ये. काळजी करू नकोस, ते दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत.

चि. आनंदी, अनेक आशीर्वाद. पत्र वाचलेले नाही, तपासले आहे. 'जमवत्ये', 'देत्ये' हे बोलण्यात ठीक, लिहिण्यात नव्हे. पण राहू दिले आहे. तू गुडघा घेऊन उगाच येऊ नकोस, मी माझ्या पायांनी जाईन. शाल आहेच, तीच पांघरून जाईन. 'राखाडी' शब्दाविषयी माझे मत कायम. पोस्टात जाताना ह्या पत्राची झेरॉक्स काढून माझ्याजवळ ठेवतो आहे. हे असले नंतर मिळत नाही.

तुझा, दादा