लेबल नसलेली व्हायल

रवि., ११ जानेवारी
क्लिनिकमधून फोन. अल् खुवैरला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून घेतला. कोऑर्डिनेटर बाई म्हणाली, "मॅडम, वो इंजेक्शन अब खलास. मिनिस्ट्री का नया सर्क्युलर आया है." फार्मसीत मिसळून, व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, भरून देत होते ते वजन उतरवायचं इंजेक्शन आता ओमानभर बंद. यापुढे फक्त कंपनीचं सीलबंद पेन, तेही स्पेशालिस्टने लिहून दिलं तर. मग आवाज खाली आणून: "आपके लिए दो रखी हैं. आज ही ले जाओ."
गेले, घेतल्या. इथे तरी खोटं कशाला लिहू.

आठ महिने. साखर ताब्यात. साइटवर चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता चढते. आणि डोक्यात दिवसभर चालणारं ते "काय खाऊ, कधी खाऊ" बंद झालंय. ते काय असतं हे ज्याच्या डोक्यात नाही त्याला सांगून कळत नाही.

बुध., १४ जाने.
मिलिंदला सांगितलं. नवरा म्हणून धीर देईल असं वाटलं. म्हणाला, "बरंच झालं. आता स्वतःच्या जोरावर करून दाखव."
मी म्हटलं, "तुझा चष्मा काढ आणि स्वतःच्या जोरावर गाडी चालवून दाखव."


शुक्र., १६ जाने.
इथल्या मंडळात जयंतीच्या तयारीची मीटिंग. पोह्यांच्या प्लेटा फिरत होत्या. एक बाई सगळ्यांसमोर, "वैशालीताई, काय बारीक झालात! डाएट सांगा ना." पूर्वी "चालते रोज" म्हणून वेळ मारून न्यायचे. आज म्हटलं, "इंजेक्शन घेते. दर शुक्रवारी, पोटात." सगळ्या एकदम पोह्यांकडे बघायला लागल्या. बघा.

तिथून वादी अदाईला शबानाभाभीकडे, ब्लाउज आत घ्यायला. रत्नागिरीकडची, घरीच शिवते. दोन जिने चढली की धापा टाकते. टेप गळ्यात घालून म्हणाली, "रमजानच्या आधी मना पण थोडा उतरवायचाय गो. तुझा औषध मना दे."
डॉक्टरकडे जा म्हटलं. म्हणे, नवरा म्हणजे इक्बालभाई हसतात. कमी खा म्हणतात.
एक व्हायल दिली. सिरिंजा दिल्या. फोनवर समजावलं, दहावर ओढायचं.

मंगळ., २० जाने.

भाभी काल सकाळपासून ओकतेय. पाणीसुद्धा ठरत नाही. आज हॉस्पिटल. मी पोचले तेव्हा इक्बालभाई डॉक्टरला सांगत होते, बाहेरचं काहीतरी खाल्लं. माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे गप्प राहा.
सिरिंजवर दहा, वीस, तीस असे आकडे शंभरपर्यंत. मी "दहा" म्हटलेलं. तिने दहावा आकडा मोजला. पूर्ण सिरिंज.
ओमानी डॉक्टरीणबाई, तरुण. त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. व्हायल मीच दिली हेही. त्यांनी बाटली उजेडात धरली. "औषध किती आहे यात? कोणी बनवलं? बॅच नंबर?" बाटलीवर नुसती पांढरी पट्टी आणि पेनाने लिहिलेली एक तारीख. आठ महिने मी हे पोटात टोचत होते. इंजिनियर बाई! साइटवर सर्टिफिकेट नसलेली सळई आली तर ट्रक परत पाठवते.
इक्बालभाई कॉरिडॉरमध्ये: "वैशालीताई, आम्हाला का अडकवता?"
"डॉक्टरला कळलं नाही तर उपचार कशावर करतील?"
ते पाठ फिरवून वॉर्डात गेले.

बुध., २१ जाने.
भाभीला सलाईन. उलट्या थांबल्या. आता मला रडू आलं, ऑफिसच्या बाथरूममध्ये.
दुपारी क्लिनिकचा फोन. हॉस्पिटलने चौकशी केली, त्यांना कळलंय. कोऑर्डिनेटर: "मॅडम, एक कागज़ पे साइन कर दो. बस इतना, कि यहाँ से विटामिन लिया था." नाही म्हटलं. "मॅडम, आपने भी तो दूसरे को दिया. सोच लो. वीज़ा है, नौकरी है."
सोचते. सही नाही करणार.
मिलिंद घाबरलाय. "आपण इथे पोट भरायला आलोय, वैशू. कर सही, विषय संपव." त्याची भीती खोटी नाही. पण माझ्या सहीवर ते उद्या दुसऱ्या कुणाला तेच पाणी विकतील.

शनि., २४ जाने.
भाभी घरी आली. चेहरा उतरलाय. पायाशी बसले, माफी मागितली. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.
म्हणाली, "तू दिलास, मी टोचला. दोघींचा चुकला." मग आतल्या खोलीकडे बघून, मुद्दाम मोठ्याने, "पण मी धापा टाकत होते तेव्हा कोणी डॉक्टरकडे नेला नाय. ओकाय लागले तेव्हा नेला."  थोड्या वेळाने इक्बालभाईच चहा घेऊन बाहेर आले. मलाही दिला.

मंगळ., २७ जाने.
आरोग्य मंत्रालयाला अर्ज लिहिला. अकोल्याला बाबांनी शाळेत असतानाच शिकवलेलं: तोंडी काही नाही, लेखी द्यायचं, पोच घ्यायची.
काय लिहिलं: क्लिनिकने बंदीनंतरही विकलं. मी घेतलं. मी दुसरीला दिलं, ती चूक माझी. नियम बरोबर आहे, असली बाटली कुणाच्या पोटात जाऊ नये. पण मग आम्ही जायचं कुठे? स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मार्चअखेर. इन्शुरन्सवाले म्हणतात, वजन म्हणजे सौंदर्याचा प्रश्न. माझी साखर, माझा गुडघा, भाभीची धाप, हे सौंदर्य? दार बंद केलंत ते योग्य, दुसरं उघडा.
आर्या वाकून स्क्रीनवर वाचत होती. "आई, तू ट्रबलमध्ये आहेस?"
"आहे."
"मग का लिहितेस?"
"म्हणूनच."
मिलिंदने वाचलं.  मथळ्यातलं "रिक्वेस्ट" खोडून "कम्प्लेंट" केलं, आणि क्लिनिकचे सगळे मेसेज प्रिंट करून मागे जोडले.

बुध., २८ जाने.
दिला. काउंटरवरचा माणूस सभ्य. "इन्शाल्ला, कळवू." पोच मागितली. नसतो देत म्हणाला. उभी राहिले. शिक्का मारून दिली.

गुरु., ५ फेब्रु.
भूक परत आलीय. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मीटिंगभर तोच दिसत होता. दुसरी व्हायल फ्रिजमध्ये आहे, उघडलेली नाही. दोनदा दार उघडलं. टोचली नाही. इच्छाशक्ती वगैरे नाही, आत काय आहे तेच माहीत नाही.
वजन वाढतंय. वाढू दे, मी लपणार नाही.

सोम., ९ फेब्रु.
मंत्रालयातून फोन आला. बुधवारी सकाळी या, बाटली असेल तर घेऊन या. आणि: "दुसऱ्या व्यक्तीला औषध दिल्याबद्दल तुमचाही जबाब होईल." होय म्हटलं. दंड, ताकीद की आणखी काही, बाई सांगेना.
मिलिंदने सुट्टी टाकली. मी म्हटलं, गरज नाही. म्हणाला, "तुला नसेल. मला आहे."
संध्याकाळी भाभीचा फोन. इक्बालभाई तिला घेऊन येतायत, स्वतःहून. "मी पण सांगणार गो, मना काय झाला ता. आणि विचारणार, आता माझा इलाज कोण करणार."
जबाब कोणत्या भाषेत घेतात माहीत नाही. दोघींनी ठरवलंय, ज्या भाषेत घेतील त्यात, पण पूर्ण सांगायचं.