दारावरचे दोन खिळे

१९-१०-९९, मंगळ. दसरा.
वही आजपासून. ट्रेलरच्या पुस्तकात छापलंय, वॉरंटी हवी तर मालकाने देखभालीची नोंद ठेवावी. मालक म्हणजे आमचा अरबाब. त्याने पुस्तक माझ्याच हातात कोंबलं. "साउंत, ये तुम्हारा काम. यल्ला." माझं 'सावंत' त्याला जमत नाही; यल्ला म्हणजे लाग कामाला. ड्रायव्हर मी, मेकॅनिक मी, आता कारकूनही मीच.

अमेरिकेहून आलेलं चाकांवरचं घर. पलंग, चूल, संडास, एसी, सगळं आत. नाव फिफ्थ व्हील, चाकं मोजली तर चारच. पाचवं म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यातला कुंडा, त्यात हिची मान अडकवायची. मी नाव ठेवलंय बाईसाहेब.

कुंड्याला ग्रीस. चाकांचे नट आवळले. छताचे सांधे पाहिले, ठीक.

पूजा केली. बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून झेंडू, आंब्याची पानं. नारळ फोडला. दारावर तोरण राहीना, म्हणून दोन खिळे ठोकले बाहेरून. नवं घर आणि तोरण नाही, असं कसं चालेल? अरबाबने खोबरं आवडीने खाल्लं.

२६-१०, मंगळ.
तोरण सुकलं. उतरवलं, खिळे उपटले. भोकं बारीक आहेत, कुणाला दिसायची नाहीत. बटण दाबलं की बाजूने बाहेर सरकते त्या खोलीच्या रुळात वाळू शिरलेली, ब्रशने काढली. रबराला पावडर.

८-११, सोम.
आज काय लिहू! अरबाब म्हणाला, "ईद के बाद हम एक महिना जर्मनी. अम्मा का घुटना. ट्रेलर खाली. तुम मदाम बुलाओ, विजा हम देगा."

लग्नाला अकरा वर्षं. सुनंदा आणि मी एकत्र राहिलो ते रजेतले दिवस, तेही माझ्या आईच्या घरात. इथे आठ जणांची खोली, बायकोला आणणार कुठे? आता अरबाबच्या आवारात उभं घर आहे.

फोन केला. सु.ने आधी विचारलं, "चूल आहे का?"
"आहे. चाकंपण आहेत."
"चाकं तुमची तुम्ही बघा. पोराला आईकडे ठेवते."

५-१२, रवि.
सकाळपासून पाऊस. अर्ध्या तासात शारजाचे रस्ते तळं झाले. आवारात जाऊन बाईसाहेबांचं दार उघडलं तर आतली भिंत ओली, प्लायवूड पुरणपोळीसारखं फुगलेलं. दारावरच. बरोब्बर तिथेच.

७-१२, मंगळ.
डीलरच्या वर्कशॉपला नेली. फोरमन वर्गीस शिडीवर चढला. "सावंत, इधर बाहर से कुछ मारा क्या?"
म्हटलं, "हम काय को मारेगा? कंपनी का काम कच्चा."
जीभ कशी वळली कोण जाणे.

वॉरंटीत भिंत उघडायला अमेरिकेच्या कंपनीची मंजुरी लागते म्हणे. तोवर गाडी त्यांच्याकडे. आणि देखभालीची नोंद द्या. या वहीची झेरॉक्स देऊन आलो. दसऱ्याचं पानही गेलं, पहिलं ग्रीस त्याच पानावर आहे. मराठी कोण वाचतंय इथे.

सु.चं तिकीट काढलंय, १४ जाने. मंजुरी वेळेत नाही आली तर तिला उतरवायचं कुठे?

१२-१२, रवि.
रोजे सुरू, वर्कशॉप दोनपर्यंतच. काउंटरवर नवीन मुलगी, रश्मी. माझं नाव वाचून एकदम मराठीत, "काका, मी पण मराठी! आम्ही अल मजाजला राहतो. बोलते मी, पण वाचायला खूप स्लो आहे. तुमच्या डायरीचं इंग्लिश करायचंय ना, अमेरिकेला फॅक्स करायला? मम्मी विल हेल्प."

'छान' म्हणून निघालो. पिकअपपाशी आल्यावर आठवलं, नुसते खिळेच नाहीत, सुनंदाचा फोनही त्यात आहे.

१४-१२, मंगळ.
दसऱ्याचं पान फाडायला घेतलं. फाडून काय उपयोग, झेरॉक्स तिच्या आईच्या हातात. ठेवलं तसंच.

१५-१२, बुध.
रश्मीचा फोन. "काका, दसऱ्याचं पान वाचलं. मम्मी इतकी हसली! आम्हीपण फ्लॅटच्या दाराला ठोकलेत, वॉचमन ओरडला होता." मग हळू आवाजात, "काका, खिळ्यांच्या ओळी सोडून देऊ का? काकू येणार आहेत ना?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण उद्या कुणी पकडलं तर नोकरी त्या पोरीची जाणार.
म्हटलं, "बाळा, आहे तसं लिही."
"शुअर, काका?"
"शुअर."

फोन ठेवला आणि स्वतःवर इतका चिडलो की जेवलो नाही.

१६-१२, गुरु.
अरबाबला सांगितलं. रोजा सोडून, खजूर, पाणी झाल्यावर. खिळे, खोटं बोललो ते, सगळं. त्याने एवढंच विचारलं,
"वो नारियल वाला दिन?"
"हां."
"नारियल अच्छा था." चहा संपवला. "छेद तुम किया, बंद भी तुम करो. मदाम आने से पहले. खलास."

या माणसावर माझा जीव आहे. त्याला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२८-१२, मंगळ.
त्या भिंतीचा क्लेम अरबाबने मागे घेतला, त्यामुळे मंजुरीशिवाय उघडायला मिळाली. वर्गीस खाली उभा राहून शिव्या घालतो, मी वर. फुगलेली फळी काढली, नवी बसवली. भोकांवर चिकट पट्टी, वर सीलंट. बाकीच्या ट्रेलरची वॉरंटी राहते की जाते, ते अमेरिका कळवणार. वर्गीस म्हणतो इन्शाल्ला. केरळचा ख्रिश्चन, पण दुसरा शब्द त्यालाही सुचला नाही.

४-१-२०००, मंगळ.
बाईसाहेब आवारात परत. लेव्हल केली, नाहीतर फ्रीज चालत नाही. चादरी नव्या.

१४-१, शुक्र.
आली. विमानतळावर दोघंही अवघडलेले, शेवटी मी ट्रॉली ढकलत बसलो. ट्रेलरमध्ये शिरून तिने आधी चूल पेटवून पाहिली, मग संडासाचं दार उघडून बंद केलं. म्हणाली, "आपल्या दोघांचंच?" मी मान हलवली. मग ती रडली आणि मीही.

पिशवीतून काय काढावं? लोकरीचं तोरण, स्वतः विणलेलं. "अहो, खिळा कुठे ठोकू?"

सगळी गोष्ट सांगितली. हसून हसून तिला ठसका लागला. तोरण दाराबाहेरच्या दांडीला दोऱ्याने बांधलंय, जरा वाकडं.

१७-१, सोम.
रश्मी म्हणाली, अमेरिकेचा फॅक्स अजून नाही.

दुपारपासून आभाळ भरलेलं. सु.ने न सांगताच नव्या फळीखाली पातेलं ठेवलं. चहा घेतला, दोघं वर बघत. चारला पाऊस सुरू झाला, चांगलाच. मी आतल्या पलंगावर बसून हे लिहितोय, मला दाराकडे बघवत नाही.

सु. तिथेच उभी आहे. आत्ता हाक मारली, "अहो, वही ठेवा आणि इकडे या." हसत म्हणाली की काळजीने, पावसाच्या आवाजात कळलं नाही.