सुकेशनीनं दिलेलं तिसरं पुस्तक

सुके,
तू क्लासवरून येशील तवा मी घरात नसंल. गोजरबाईला संगं घेऊन क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात चाललेय. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी तेवढी गरम करून घे.

तू मला तीन पुस्तकं वाचायला दिली होती. विहिरी खोदणाऱ्या माणसाचं लई आवडलं, ते पाचोडला तुझ्या मामाला दे. तुरुंगातल्या आठवणींचं मला नाय झेपलं, उगं खोटं कशाला बोलू. तिसरं, छातीत गाठ झालेल्या नर्सबाईनं स्वतःवर लिहिलेलं, ते मी रोज दुपारी विहारात बायांना वाचून दाखवत होते. काल एक पान आलं. तिनं ती गाठ सहा महिने घरच्यांपासून लपवली होती. ते पान मी न वाचताच उलटलं. बायांना काय कळलं नाय, पण गोजरबाई शेजारीच बसलेली, तिची नजर पुस्तकावर होती. वाटेत तिनं मला अडवलंच. म्हणली, "कस्तुरा, तुला किती महिने झाले?"

चार झाले. चिडू नको. तुझी परीक्षा होती, म्हणून गप बसले.

पुस्तक पिशवीत घेतलंय, पण शेवटची पानं उघडायला हात धजत नाय. तू तर सगळं वाचलंय. ते पुस्तक तिनंच पुरं केलं ना? का शेवट दुसऱ्या कुणी लिहिलाय? फोन करून एवढंच सांग.

आई